बेने वेफर दुसऱ्या दिवशी सादळतात? आधी दोष कुठला ते ओळखा

बेने वेफर करणाऱ्यांची एक तक्रार सतत कानावर येते. ओव्हनमधून काढले तेव्हा छान कुरकुरीत होते, संध्याकाळी चिवट झाले आणि दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर सगळे एकमेकांना चिकटलेले. मग कोणी मैदा वाढवतं, कोणी लोणी कमी करतं, कोणी बेकिंग पावडर बदलून बघतं. पुढचा घाणा कधी बरा निघतो, कधी नाही, आणि बरा निघाला तर का निघाला हेही कळत नाही. मी साउथ कॅरोलायनात राहते. इथली हवा वर्षातले बरेच महिने आपल्या कोकणासारखी दमट असते, त्यामुळे हा प्रश्न इथल्या प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. त्याला उत्तर आहे, फक्त ते क्रमाने शोधावं लागतं.

ज्यांनी हे वेफर पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: बेने म्हणजे तीळ. चार्ल्सटन आणि आसपासच्या सखल किनारपट्टीवर, ज्याला इथे लोकंट्री म्हणतात, भाजलेले तीळ, ब्राऊन शुगर आणि लोणी यांचे रुपयाएवढे किंवा त्याहून थोडे मोठे, पातळ, तपकिरी वेफर करतात. त्यात मैदा नावापुरता असतो. तिखट-मिठाचे बेने बिस्किटही असतं, पण त्याचं पीठ लाटून करतात आणि त्याचे प्रश्न वेगळे, म्हणून ते इथे घेत नाही.

मी ज्या मापाने करते ते आधी देते, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही. तीळ १४० ग्रॅम, ब्राऊन शुगर २०० ग्रॅम, बिनमिठाचं लोणी ६० ग्रॅम, एक अंडं, मैदा ६५ ग्रॅम, बेकिंग पावडर आणि मीठ प्रत्येकी पाव चहाचा चमचा, व्हॅनिला अर्धा चमचा, लिंबाचा रस एक चमचा. लोणी आणि साखर फेटायची, मग अंडं, मग कोरडे जिन्नस, शेवटी तीळ. ओव्हन १६० ते १६५ अंश सेल्सिअस, म्हणजे अमेरिकन ओव्हनवर ३२५ फॅरनहाइट. वेळ बारा ते पंधरा मिनिटं. लिंबाचा रस चवीसाठी आहे, तो वगळला तरी पोत बिघडत नाही.

आता हे माप नीट पाहा. साखर मैद्याच्या तिप्पट आहे. याला बिस्किट म्हणण्यापेक्षा तिळाची अगदी पातळ चिक्की म्हटलं तर त्याचं वागणं लवकर समजतं. चिक्कीचा पाक कच्चा राहिला की ती दाताला चिकटते, हे आपल्याला आजीने सांगितलेलं असतं. इथेही तोच नियम आहे, एवढंच की पाक कढईत न होता ओव्हनमध्ये, वेफरच्या आतच होतो. लोण्यातलं, अंड्यातलं, साखरेतलं पाणी निघून गेलं की विरघळलेली साखर थंड होताना काचेसारखी कडक होते. थोडं जरी पाणी आत राहिलं, किंवा नंतर हवेतून आत आलं, की ती काच पुन्हा मऊ पडते. सादळण्याच्या सगळ्या तक्रारी या दोनपैकी एका वाटेने येतात: पाणी आतच राहिलं किंवा बाहेरून आलं. कोणती वाट आहे हे कळल्याशिवाय जिन्नसांना हात लावू नका.

ओळखायची परीक्षा

ट्रेच्या मधला एक वेफर आणि कडेचा एक, असे दोन घ्या. जाळीवर पूर्ण गार होऊ द्या. कोमट असताना परीक्षा करू नका, कारण कोमट वेफर चांगला भाजलेला असला तरी वाकतो. गार झाल्यावर मोडा. कडेला कट्कन तुटतो आणि मध्यभागी वाकतो, तर तो कच्चा आहे. सगळीकडे एकसारखा तुटतो आणि तरी उद्या मऊ पडतो, तर भाजणी ठीक आहे आणि ओल बाहेरून आली आहे. ट्रेच्या मधला वेफर वाकतो पण कडेचा वेफर तुटतो, तर ओव्हनची उष्णता सारखी नाही.

माझ्या पाहण्यात निम्म्याहून जास्त तक्रारी पहिल्या प्रकारच्या असतात, म्हणून त्यावर जरा जास्त बोलते.

मधोमध वाकतो

याचं मूळ असं की आपण घड्याळ बघून ट्रे काढतो. पंधरा मिनिटं लिहिली आहेत, पंधरा झाली, काढला. पण चमच्याचं माप जरा मोठं झालं की वेफर जाड होतो आणि तेवढ्याच वेळात मध्यभाग कच्चा राहतो. चहाचा सपाट चमचा भरून पीठ, त्याहून जास्त नको. दोन गोळ्यांमध्ये चार-पाच सेंटिमीटर जागा सोडा, ते पसरतातच.

त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ओव्हनच्या काचेतून बघणं. पहिल्या काही मिनिटांत गोळा वितळून पसरतो आणि चकचकीत दिसतो. मग त्याला बुडबुडे येतात, तो चक्क फुगतो, आणि इथेच फसायला होतं, कारण कडा तपकिरी झालेल्या असतात आणि फुगलेला वेफर तयार दिसतो. तो तयार नसतो. थोड्या वेळात बुडबुडे शांत होतात, वेफर खाली बसतो, त्याच्या पृष्ठभागावर बारीक सुरकुत्या येतात आणि मधली चकाकी जाऊन तो भाग कोरडा, फिका दिसू लागतो. हा बदल बाहेरून आत सरकताना दिसतो. चकाकीचा शेवटचा रुपयाएवढा डाग मध्यभागी गेला की एखादा मिनिट थांबा आणि काढा. एकदा हे डोळ्यांनी पाहिलं की घड्याळाची गरज उरत नाही.

कडा करपायला लागल्या आणि मध्यभाग अजून चकाकतोय, असं झालं तर आच जास्त आहे. १० अंश कमी करा आणि वेळ वाढवा. भारतातल्या लहान ओटीजीमध्ये हे फार होतं, कारण गरम होणारे रॉड ट्रेच्या अगदी जवळ असतात. ट्रे मधल्या खाचेत ठेवा, वरचे आणि खालचे दोन्ही रॉड चालू ठेवा, ओव्हन पंधरा मिनिटं आधी तापवा. बटणावरचा आकडा आणि आतली खरी उष्णता यात १५-२० अंशांचा फरक असू शकतो. आत ठेवायचा साधा थर्मामीटर मिळतो, तो घ्या. या एका वस्तूने जेवढे वेफर वाचतात तेवढे कुठल्याही कृतीने वाचत नाहीत. पंख्याचा ओव्हन असेल तर आकडा १० ते १५ अंश खाली आणा. आणि एका वेळी एकच ट्रे लावा, दोन लावले की खालचा वाफेत शिजतो.

अंड्याकडेही लक्ष द्या. इतक्या छोट्या मापात पाण्याचा मोठा वाटा अंड्यातून येतो. अमेरिकेतलं 'लार्ज' अंडं फोडल्यावर साधारण ५० ग्रॅम भरतं. तुमच्याकडचं लहान किंवा मोठं असेल तर फेटून वजन करून ५० ग्रॅमच घाला.

नीट तुटतो, पण उद्या मऊ

आता दुसरी वाट. हवेतली ओल सगळ्यात आधी साखर ओढून घेते, आणि पांढऱ्या साखरेपेक्षा ब्राऊन शुगर जास्त ओढते. ब्राऊन शुगर म्हणजे पांढऱ्या साखरेला मळीचा हात. फिक्या प्रकारात मळी साधारण साडेतीन टक्के, गडद प्रकारात साडेसहा टक्के. त्या मळीतलं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज पाणी धरून ठेवतं. बेनेची चव याच मळीत आहे, म्हणून ब्राऊन शुगर पूर्ण काढून टाकू नका. पण पावसाळ्यात किंवा किनाऱ्यावर राहत असाल तर २०० ग्रॅमपैकी ६० ग्रॅम पांढरी साखर घ्या आणि बाकीची फिकी ब्राऊन शुगर. गडद वापरत असाल तर आधी तीच बदला. चवीत थोडा फरक पडतो, कुरकुरीतपणात पुष्कळ.

भारतात 'ब्राऊन शुगर' म्हणून बऱ्याचदा कोरडे, जाड, तपकिरी दाणे मिळतात. ते लोण्यात विरघळत नाहीत, वेफर कमी पसरतो आणि खाताना कचकच लागते. मिक्सरमधून फिरवून घेतले तर काम होतं. मला त्याहून बरा वाटणारा उपाय म्हणजे काकवी: २०० ग्रॅम पांढऱ्या साखरेला एक मोठा चमचा काकवी चोळून घ्यायची. चव मूळच्या जवळ जाते. गूळच घालायचा मोह बहुतेक मराठी घरांत होईल, पण सगळी साखर काढून गूळ घातला तर वेफर हमखास सादळतो. गुळात ओल जास्त, आणि प्रत्येक ढेपेत ती वेगळी. गुळाची चव हवीच असेल तर पाव हिश्श्यापर्यंत चालतो, तोही कोरडा आणि किसलेला.

साखरेनंतर गार करणं. ट्रे बाहेर काढल्यावर दोन मिनिटं तसाच ठेवा, कारण लगेच उचलले तर वेफर फाटतात. मग पातळ उलथन्याने जाळीवर. गरम ट्रेवरच पूर्ण गार होऊ दिले तर खालची वाफ कोंडते. आणि कोमट असताना डब्यात भरणं ही तर सगळ्यात मोठी चूक. हाताला गार लागला तरी आणखी अर्धा तास थांबा. पण पाऊस कोसळत असताना रात्रभर जाळीवर उघडेही ठेवू नका; गार झाले की लगेच हवाबंद डब्यात. पत्र्याचा घट्ट झाकणाचा डबा किंवा काचेची बरणी, थरांमध्ये बेकिंग पेपर. ओल शोषणारी खाण्याच्या पदार्थांसाठीची पुडी मिळाली तर एक टाका. दुसरं कुठलंही मऊ बिस्किट किंवा केकचा तुकडा त्याच डब्यात ठेवू नका, त्यातली ओल थेट वेफरमध्ये येते. फ्रिजमध्ये तर नकोच. बाहेर काढल्याबरोबर त्यावर दव धरतं.

सादळलेच असतील तर टाकून देऊ नका. १५० अंशांवर पाच मिनिटं एकाच थरात ठेवून पूर्ण गार करा, पुन्हा तुटायला लागतील. कच्चा राहिलेला घाणाही याच पद्धतीने बराचसा वाचतो. पण हे एकदाच. दुसऱ्यांदा केलं की तीळ कडू होतात.

पसरून एकच पत्रा होतो

हा प्रश्न लहान आहे. लोणी फार वितळलेलं, किंवा ट्रे मागच्या घाण्याचा गरमच. पीठ अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा आणि ट्रे प्रत्येक वेळी थंड करून घ्या. ट्रेला तूप-तेल लावू नका. तरी पसरत असेल तर एक मोठा चमचा मैदा वाढवा, त्याहून जास्त नको, नाहीतर साधी बिस्किटं होतील. उलट, वेफर अजिबात न पसरता टेकाडासारखा राहत असेल तर मैदा कपाने मोजला आहे का ते बघा. कप दाबून भरला की मैदा सहज वीस-पंचवीस टक्के जास्त जातो. वजनकाटा वापरा.

कागदाला चिकटत असेल तर कागद बदला. किराणा दुकानात 'बटर पेपर' म्हणून मिळणारा प्रत्येक कागद बेकिंगचा नसतो. ज्याला सिलिकॉनचा थर आहे तोच साखरेपासून सुटतो.

कडवट लागतो

इथे थोडं मागे जाऊ या, कारण हा प्रश्न तिळाचा आहे आणि या पदार्थात तीळच सगळं काही आहे.

तिळाची शेती भारतीय उपखंडात सुरू झाली असं मानलं जातं. हडप्पाच्या उत्खननात जळालेले तीळ सापडले आहेत. तिथून ते आफ्रिकेत फार जुन्या काळी पोचले. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर हे बी कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावर आलं. उत्तर अमेरिकेत आणलेल्या गुलामांपैकी फार मोठा हिस्सा चार्ल्सटन बंदरातून उतरवला गेला. सेनेगाम्बिया आणि सिएरा लिओन भागातल्या ज्या लोकांना भातशेतीचं ज्ञान होतं, त्यांना इथल्या भातखाचरांवर राबवलं गेलं. आपल्या वाट्याच्या छोट्याशा तुकड्यात ते तीळ लावत, तेल काढत, कालवणात कुटून घालत. त्यांचे वंशज म्हणजे आजचे गल्ला गीची लोक. नॉर्थ कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंतच्या त्यांच्या पट्ट्याला अमेरिकी संसदेने २००६ मध्ये राष्ट्रीय वारसा म्हणून मान्यता दिली. चार्ल्सटनच्या ज्या गॅड्सडेन धक्क्यावर गुलामांची जहाजं लागत, तिथे २०२३ मध्ये आफ्रिकन अमेरिकनांचं संग्रहालय उघडलं. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष टॉमस जेफरसन यांनी १८०८ मध्ये एका पत्रात तिळाच्या तेलाचं कौतुक केलं, ते ऑलिव्हच्या तोडीचं आहे म्हणाले, आणि हे बी आफ्रिकन लोकांनी आणलं हेही लिहिलं. ज्यांनी ते आणलं, पेरलं, जपलं, त्यांची नावं मात्र कुठल्या कागदावर नाहीत. चार्ल्सटनच्या सिटी मार्केटमध्ये आज हे वेफर सुबक पुड्यांतून विकले जातात. करताना किंवा वाढताना या लोकांचा उल्लेख व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

आता याचा कडवटपणाशी संबंध. जुनं बेने हे सालासकट वापरायचं, रंगाने मातकट, आजच्या बाजारी तिळापेक्षा कमी तेलाचं वाण होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकीचं तेल स्वस्त झालं आणि इथली तिळाची तेलं मागे पडली. पुढे जास्त तेलाच्या तिळावर भर दिला गेला. अ‍ॅन्सन मिल्स ही ग्लेन रॉबर्ट्स यांनी १९९८ मध्ये सुरू केलेली साउथ कॅरोलायनातली गिरणी. जुनं बेने पुन्हा बाजारात आणण्यात तिचा मोठा वाटा आहे. पण बहुतेकांच्या हाती येतो तो पॉलिश केलेला पांढरा तीळ, ज्याचं साल काढलेलं असतं आणि ज्यात जवळपास निम्मं तेल असतं. त्याला आच चटकन लागते. जुन्या कृतीतलं 'चांगले तपकिरी होईपर्यंत भाजा' हे वाक्य या तिळाला जसंच्या तसं लावलं की वेफर कडू होणार.

आपल्याला संक्रांतीच्या लाडवांसाठी तीळ खमंग भाजायची सवय आहे. इथे त्याच्या एक पायरी आधी थांबायचं, कारण हे तीळ ओव्हनमध्ये आणखी बारा-पंधरा मिनिटं भाजले जाणार आहेत. जाड बुडाची पसरट कढई, मंद आच, हात सतत चालू. पहिले काही दाणे तडतडून उडायला लागले, वास सुटला आणि रंग फक्त एक छटा बदलला की लगेच परातीत काढा. कढईत तसेच ठेवले तर गॅस बंद केल्यावरही भाजत राहतात. गार झाल्यावर दोन दाणे बोटांत चुरडा: कोरडे फुटले पाहिजेत. ओलसर दबले तर पुन्हा एखादा मिनिट. गरम तीळ पिठात घालू नका, लोणी वितळतं आणि वेफर वेडावाकडा पसरतो.

गावरान, सालाचे तीळ मिळत असतील तर जरूर वापरा, जुन्या बेनेच्या ते जास्त जवळचे आहेत. सालामुळे किंचित कडसर छटा येते, ती या पदार्थाला शोभते. मात्र ते नीट निवडून घ्या, खडे निघतात. धुतले तर दोन दिवस उन्हात खडखडीत वाळवा, नाहीतर आपण पुन्हा ओलीच्या प्रश्नावर येतो. आणि भाजण्याआधी चिमूटभर कच्चे तीळ चावून बघा. खवट असतील तर भाजून सुधारत नाहीत.

अंड्याशिवाय

हे बरेच जण विचारतात. अंड्याऐवजी दोन मोठे चमचे दूध घालून होतात. ते जास्त पसरतात, जाळीदार आणि फार नाजूक होतात, मोडतातही लवकर. चवीला उत्तम, पण पोत चार्ल्सटनच्या वेफरचा राहत नाही. पीठ तासभर थंड करा आणि गोळा आणखी लहान घ्या. मीठ घातलेलं लोणी वापरत असाल, आणि भारतात बहुधा तेच मिळतं, तर वेगळं मीठ घालू नका.

अमेरिकेत कोणाला वाटणार असाल, ऑफिसात किंवा मुलांच्या शाळेत नेणार असाल, तर डब्यावर 'तीळ आहेत' असं ठळक लिहा. १ जानेवारी २०२३ पासून इथल्या कायद्याने तीळ हा नववा प्रमुख अ‍ॅलर्जीकारक पदार्थ धरला जातो, आणि घरच्या डब्यावर लेबल सक्तीचं नसलं तरी तीळ न चालणारा माणूस समोर असू शकतो.